राष्ट्राचा हिशेब : भारताची वाट आणि चीनची वाट

(अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



रोजमेळ, खतावणी आणि ताळेबंद हे शब्द मराठी घराला नवे नाहीत. दुकानदार दिवस मावळला की रोजमेळ जुळवतो. गृहिणी महिनाअखेरीस वाण्याची वही तपासते. हिशेब जुळला नाही तर चूक कोठे झाली याचा शोध घेतला जातो. आकडा बदलून वही मिटली जात नाही. जी वही खोटी लिहिली जाते ती प्रथम आपल्या मालकालाच फसवते, हे व्यवहारातील साधे सत्य आहे. राष्ट्रालाही हेच सत्य लागू पडते का, आणि ते डावलणाऱ्या राष्ट्राचे काय होते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

विषय वरकरणी रुक्ष आहे. एका वर्षात देशाने किती उत्पादन केले, किती उपभोगले आणि किती शिल्लक टाकले, हे मोजण्याच्या नियमांना राष्ट्रीय लेखा प्रणाली म्हणतात. हे नियम भारताने आणि चीनने केव्हा, कसे आणि कोणत्या वृत्तीने स्वीकारले, याची तुलना केली की दोन राज्यपद्धतींचे अंतरंग उलगडते.

लेखापरीक्षेची जुनी परंपरा

हिशेबाचे शास्त्र पाश्चात्त्यांनी आपल्याला शिकवले, असा एक समज सुशिक्षितांत रूढ आहे. १९०९ साली म्हैसूर येथे रुद्रपट्टण शामशास्त्री यांनी कौटिलीय अर्थशास्त्र छापून प्रसिद्ध केले, त्याच दिवशी या समजाला तडा जायला हवा होता. त्या ग्रंथात ‘अक्षपटल’ म्हणजे हिशेबाचे कार्यालय कसे असावे, यावर स्वतंत्र अध्याय आहे. आषाढाच्या अखेरीस वर्षाचे हिशेब बंद करण्याचा दंडक आहे. पाच किंवा दहा गावांमागे एक ‘गोप’ असे. शेते, घरे, माणसे, गुरेढोरे, शेतकरी, व्यापारी, कारागीर, मिळणारा कर आणि दंड या सर्वांची नोंद तो ठेवी.

कौटिल्याची खरी दूरदृष्टी मात्र याच्या पुढे आहे. गोपाने दिलेला आकडा खरा असेलच, असे तो गृहीत धरीत नाही. समाहर्त्याने गृहस्थांच्या वेषातील हेर गावोगावी पाठवावेत आणि शेतांचे, घरांचे व कुटुंबांचे आकडे स्वतंत्रपणे पडताळून पाहावेत, असे तो सांगतो. नोंद करणारा आणि नोंद तपासणारा वेगळा असावा, हे आधुनिक संख्याशास्त्राचे तत्त्व त्यात स्पष्ट दिसते. हे तत्त्व लक्षात ठेवावे, कारण पुढील सगळी कथा याच तत्त्वाभोवती फिरते.

दादाभाईंपासून गाडगीळांपर्यंत

अर्वाचीन काळात हे काम प्रथम हाती घेतले दादाभाई नौरोजी यांनी. ब्रिटिश राजवटीत हिंदुस्थान समृद्ध होत आहे, असा सरकारचा दावा होता. दादाभाईंनी सरकारी कागदपत्रांतील आकडे वापरूनच १८६७-६८ या वर्षाचे दरडोई उत्पन्न काढले. ते आले अवघे २० रुपये. तुरुंगातील कैद्याला जगवण्यासाठी सरकार जो खर्च करते, तेवढेही सामान्य रयतेच्या वाट्याला येत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. राष्ट्रीय उत्पन्नाची मोजणी हे आपल्या देशात जन्मतःच स्वातंत्र्याचे शस्त्र होते, हे विसरता येणार नाही.

पुढे डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९३१-३२ या वर्षासाठी अधिक शास्त्रशुद्ध मोजणी केली. शेतीसारख्या क्षेत्रात उत्पादन मोजायचे आणि सेवांच्या क्षेत्रात उत्पन्न मोजायचे, अशी सांगड त्यांनी घातली. हिशेबाची वही नसलेल्या कोट्यवधी लोकांच्या देशात हाच मार्ग व्यवहार्य होता.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमण्यात आली. अध्यक्ष होते प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस; सदस्य होते डॉ. राव आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. सायमन कुझनेट्स आणि रिचर्ड स्टोन या जागतिक कीर्तीच्या तज्ज्ञांचा सल्ला समितीला लाभला. याच स्टोन यांच्या नेतृत्वाखाली संयुक्त राष्ट्रसंघाने १९५३ मध्ये पहिली राष्ट्रीय लेखा प्रणाली जगापुढे ठेवली. म्हणजे जागतिक प्रमाणपद्धती आकार घेत होती, त्याच काळात भारतही आपली पद्धती घडवीत होता. १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली आणि १९५१ मध्ये केंद्रीय सांख्यिकी संघटना स्थापन झाली. १९५६ पासून राष्ट्रीय उत्पन्नाचे अंदाज नियमितपणे प्रसिद्ध होऊ लागले.

येथे एक विसंगती नोंदवली पाहिजे. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचे अवजड उद्योगांवर भर देणारे प्रतिमान सोव्हिएत विचाराच्या जवळचे होते. ते देशाच्या प्रकृतीला मानवणारे नव्हते, ही टीका राष्ट्रीय विचारांच्या मंडळींनी त्या काळीही केली. परंतु योजनेचे वारे जिकडून आले तिकडून हिशेबाची पद्धत मात्र आपण घेतली नाही. हे आपले सुदैव. कारण शेजारच्या चीनने नेमके तेच केले.

मोजायचे काय?

पुढे जाण्यापूर्वी एक साधे उदाहरण पाहू. शेतकऱ्याने १०० रुपयांचा कापूस विकला. सूतगिरणीने त्याचे सूत काढून १५० रुपयांना विकले. त्या सुताचे कापड २४० रुपयांना गेले. देशाचे उत्पादन किती झाले? तिन्ही रकमांची बेरीज ४९० होते. पण ती फसवी आहे, कारण कापसाची किंमत तिच्यात तीनदा आणि सुताची दोनदा मोजली गेली. खरी भर पडली ती शेतकऱ्याची १००, गिरणीची ५० आणि कापड विणणाऱ्याची ९०, म्हणजे २४० रुपयांची. या भरीला मूल्यवर्धन म्हणतात. वस्तू असो वा सेवा, प्रत्येकाच्या मूल्यवर्धनाची बेरीज म्हणजे देशांतर्गत उत्पादन. शिक्षक शिकवतो, वैद्य रोग बरा करतो, बँक ठेवी सांभाळते; ही सर्व कामे त्यात येतात.

१९५२ मध्ये चीनने आपली राज्य सांख्यिकी संस्था स्थापन केली आणि सोव्हिएत रशियाची ‘भौतिक उत्पाद पद्धती’ जशीच्या तशी उचलली. हिचा पाया मार्क्सवादी होता. जे हाताला लागते आणि तराजूत घालता येते, तेच उत्पादन. शेती, कारखाने, बांधकाम, मालवाहतूक आणि मालाचा व्यापार यांना त्यात स्थान होते. मालगाडीने कोळसा वाहिला तर देशाच्या उत्पन्नात भर पडे. त्याच रुळांवरून माणसे गेली तर पडत नसे. शिक्षक, डॉक्टर, परिचारिका आणि संशोधक यांचे श्रम हिशेबाच्या बाहेर राहिले. जे मोजले जात नाही त्याकडे शासनाचे लक्षही जात नाही. सेवाक्षेत्र अनेक दशके उपेक्षित राहण्यामागे ही दृष्टी होती. माणसाला केवळ भौतिक पदार्थ निर्माण करणारे यंत्र मानणारे तत्त्वज्ञान अखेर हिशेबाच्या वहीतही उतरते, ते असे.

१९५७ ते १९६१ : असत्याची किंमत

डिसेंबर १९५६ मध्ये चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेला भेट दिली. भारतातील नमुना पाहणीचे काम पाहून ते प्रभावित झाले. १९५७ मध्ये महालनोबिस स्वतः चीनला गेले. तेथील काही संख्याशास्त्रज्ञांना भारताकडून शिकण्याची मनापासून इच्छा होती. वरिष्ठाने मागितलेला आकडा खालून वर पाठवण्याऐवजी, शास्त्रीय पद्धतीने निवडलेल्या थोड्या शेतांची प्रत्यक्ष कापणी करून उत्पादन ठरवावे, ही ती विद्या. कौटिल्याच्या पडताळणीचेच हे गणिती रूप.

ही देवाणघेवाण टिकली असती तर कदाचित इतिहास वेगळा झाला असता. परंतु १९५८ मध्ये माओ झेडाँग यांनी ‘महान झेप’ जाहीर केली. योगायोगावर आधारलेले गणित भांडवलशाहीचे, असे मानणाऱ्या विचारसरणीपुढे शास्त्र मागे पडले. आकडा हे वस्तुस्थितीचे चित्र न राहता निष्ठेचे प्रमाणपत्र झाले. एका कम्यूनने दुप्पट पीक सांगितले की शेजारच्या कम्यूनला तिप्पट सांगणे भाग पडे. १९५८ चे धान्योत्पादन ३७.५ कोटी टन झाल्याचे जाहीर करण्यात आले. पुढल्याच वर्षी तो आकडा २५ कोटी टनांवर आणावा लागला. प्रत्यक्षात ते सुमारे २० कोटी टन होते, हे नंतर मान्य झाले.

कागदावरच्या धान्याने पोट भरत नाही. मात्र सरकारी वसुली कागदावरच्या आकड्याप्रमाणे झाली. खेड्यांतील कोठारे रिकामी झाली. दुष्काळ पसरत असतानाही धान्याची निर्यात चालू राहिली. १९५९ ते १९६१ या काळात भुकेने झालेल्या मृत्यूंचे अभ्यासकांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. मृतांच्या संख्येतही तीन कोटींचा फरक राहावा, यातच त्या व्यवस्थेतील हिशेबाची दशा कळते. सत्य सांगणारा शत्रू ठरतो, त्या राज्यात राजालाही सत्य कळत नाही. पुढे सांस्कृतिक क्रांतीच्या काळात तर सांख्यिकी यंत्रणाच मोडीत निघाली.

चीनचे परतणे

डेंग शिआओपिंग यांच्या काळात आर्थिक सुधारणा सुरू झाल्यावर जुन्या वहीची अडचण जाणवू लागली. व्यापार करायचा, परकीय भांडवल आणायचे, तर जगाला समजणाऱ्या भाषेत हिशेब सांगावा लागतो. १९८५ पासून चीनने संयुक्त राष्ट्रसंघाच्या पद्धतीने देशांतर्गत उत्पादन मोजण्यास प्रारंभ केला. १९९२ मध्ये दोन्ही पद्धतींचे मिश्रण असलेली नवी प्रणाली लागू झाली आणि १९९३ मध्ये सोव्हिएत पद्धती सोडून देण्यात आली. २००२ आणि २०१६ च्या आवृत्त्यांनी चीनची प्रणाली जागतिक नियमांच्या आणखी जवळ आली. या कामातील चिकाटी आणि वेग मान्य केला पाहिजे. प्रतिस्पर्ध्याचे गुण न पाहणे हेही एक प्रकारचे अज्ञानच आहे.

या बदलाचे फळ २००५ च्या अखेरीस दिसले. पहिल्या आर्थिक गणनेनंतर चीनने २००४ चे आपले उत्पादन एकदम १६.८ टक्क्यांनी वाढवून जाहीर केले. या वाढीपैकी सुमारे ९३ टक्के वाटा सेवांचा होता. उपाहारगृहे, वाहतूकदार, छोटे व्यापारी हे सारे आधीपासून होतेच. वहीला ते दिसत नव्हते, इतकेच.

परंतु वही बदलली तरी ती लिहिणारा हात तोच राहिला. स्थानिक अधिकाऱ्याची बढती विकासदरावर अवलंबून आणि विकासदराचा आकडा त्याच्याच अखत्यारीत, अशी ही व्यवस्था. गोप आणि हेर एकच झाले! कित्येक वर्षे प्रांतांच्या उत्पादनांची बेरीज देशाच्या उत्पादनापेक्षा जास्त भरत असे. २००७ मध्ये लिआओनिंग प्रांताचे पक्षप्रमुख असलेले ली ख-छिआंग यांनी अमेरिकी राजदूताशी बोलताना प्रांतिक उत्पादनाचे आकडे ‘मानवनिर्मित’ असल्याचे सांगितल्याची नोंद पुढे उघड झाली. विजेचा वापर, रेल्वेची मालवाहतूक आणि बँकांची कर्जे यांवर आपण विसंबतो, असे ते म्हणाले होते. हेच गृहस्थ २०१३ मध्ये चीनचे पंतप्रधान झाले. जानेवारी २०१७ मध्ये त्याच लिआओनिंगच्या राज्यपालांनी २०११ ते २०१४ या काळात महसुलाचे आकडे फुगवल्याची जाहीर कबुली दिली. ऑगस्ट २०२३ मध्ये तरुणांच्या बेरोजगारीचा दर चढत असताना त्याचे प्रकाशनच थांबवण्यात आले. काही महिन्यांनी विद्यार्थ्यांना वगळून नव्या पद्धतीने ते पुन्हा सुरू झाले.

आपल्या घराकडे पाहताना

मग भारतात सारे आलबेल आहे काय? तसे म्हणणे आत्मवंचना ठरेल.

आपल्या अर्थव्यवस्थेचा मोठा भाग असंघटित आहे. चौकातला चांभार, घरी शिवणकाम करणारी भगिनी, दोन म्हशींचा दूधवाला यांची वही नाही. त्यांचे उत्पन्न पाहण्यांवरून अंदाजावे लागते. २०१५ मध्ये आपण २०११-१२ हे आधारवर्ष घेऊन नवी मालिका आणली आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या २००८ च्या प्रणालीशी जुळवून घेतले. तेव्हापासून वादही झाले. मागील वर्षांच्या आकड्यांची फेरमांडणी २०१८ मध्ये दोन वेळा झाली आणि दोन्हींचे निष्कर्ष वेगळे आले. २०१९ मध्ये सरकारच्याच माजी मुख्य आर्थिक सल्लागारांनी विकासदर जास्त मोजला गेल्याचे प्रतिपादन केले आणि सरकारतर्फे त्याला सविस्तर उत्तर देण्यात आले. २०२१ ची जनगणना वेळेवर होऊ शकली नाही. तिच्या पुढच्या मोजणीचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ ठरवण्यात आला. नोव्हेंबर २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने आपल्या राष्ट्रीय लेख्यांना ‘सी’ श्रेणी दिली. आकडे वेळेवर येतात हे मान्य करून जुने आधारवर्ष आणि घाऊक किंमत निर्देशांकावरील अवलंबन या उणिवा त्याने दाखवल्या.

अशा वेळी राग येणे स्वाभाविक आहे. पण आरशावर रागावून चेहरा स्वच्छ होत नाही. उणीव खरी असेल तर ती दूर करावी, खोटी असेल तर पुराव्याने खोडून काढावी. २०२२-२३ हे आधारवर्ष घेऊन नवी मालिका हाती घेण्यात आली, ती याच दिशेने.

दोन देशांतील भेद येथे आहे. चुका दोन्हीकडे झाल्या. भारतात त्या वर्तमानपत्रांत, संसदेत आणि विद्यापीठांत उघडपणे चर्चिल्या जातात. अटलजींच्या शासनाने जानेवारी २००० मध्ये डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली सांख्यिकी आयोग नेमला, तो आपल्याच यंत्रणेतील दोष शोधण्यासाठी. स्वतःच्या दोषांची चौकशी स्वतः होऊन करणारे राज्य दुबळे नसते. आकडा आपल्या बाजूचा असला की विज्ञान आणि विरोधात गेला की कारस्थान, ही वृत्ती मात्र कोणत्याही पक्षाच्या शासनात शिरली तरी ती चीनच्या वाटेने नेणारी आहे, याचे भान राष्ट्रभक्तांनी इतरांपेक्षा अधिक ठेवले पाहिजे.

आणखी एका आकड्याची आठवण येथे उचित होईल. साडेतीन टक्क्यांच्या मंद विकासदराला प्रा. राज कृष्ण यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘हिंदू विकासदर’ असे नाव दिले आणि ते जगभर पसरले. परवाने आणि नियंत्रणे यांनी जखडलेल्या धोरणाचे अपयश एका संस्कृतीच्या माथी मारले गेले. १९८० नंतर गती वाढली, १९९१ नंतर अर्थव्यवस्था मोकळी झाली. समाज तोच होता, धर्म तोच होता, बदलले होते धोरण. हा आरोप घोषणांनी पुसला गेला नाही; तो प्रामाणिकपणे ठेवलेल्या हिशेबानेच खोटा ठरवला. दादाभाईंचे २० रुपये काय किंवा हे उदाहरण काय, खरा आकडा अखेर राष्ट्राच्याच बाजूने उभा राहतो.

वहीत न मावणारे

एवढे सांगूनही हिशेबाच्या मर्यादा सांगणे आवश्यक आहे. शेतकऱ्याने घरी खाण्यासाठी पिकवलेली ज्वारी देशाच्या उत्पादनात धरली जाते. त्या ज्वारीची घरातील माउलीने भाजलेली भाकरी धरली जात नाही. तीच भाकरी खानावळीत विकली तर मोजली जाते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे या बिनमोल कामासाठी देतात, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे देतात, असे आढळले. आजारी सासऱ्यांची सेवा, मुलांचा अभ्यास, सणवार हे सारे या पाच तासांच्या आतबाहेर चालते. भारतीय समाजाला संकटात सावरणारी कुटुंबसंस्था वहीच्या बाहेर आहे. तिची किंमत रुपयांत करावी असे नाही. पण ती शून्य समजू नये, आणि घरातील पुरुषांनी तो आकडा स्वतःपुरता तरी बदलावा.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ मध्ये मुंबईतील व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले. निसर्गाचे दोहन असावे, शोषण नसावे, ही त्यामागील दृष्टी. मार्च २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या सांख्यिकी आयोगाने नवी लेखा प्रणाली स्वीकारली. खाणीतून काढलेल्या खनिजामुळे झालेली घट वजा करून निव्वळ उत्पादन पाहावे, यावर तिचा भर आहे. गायीचे दूध मोजावे, पण गाय झिजली तर तेही मांडावे, हा विचार जग आता नियमात बसवीत आहे. आणि एकूण आकडा कितीही मोठा असला, तरी रांगेतील शेवटच्या माणसापर्यंत त्यातील किती पोहोचले, हा अंत्योदयाचा प्रश्न प्रत्येक बेरजेनंतर विचारावाच लागतो.

कार्यकर्त्याचे काम

शेवटी, या विषयात सामान्य नागरिकाने करण्यासारखे काय आहे? पुष्कळ आहे. राष्ट्रीय नमुना पाहणीचा कर्मचारी दारी येतो, तेव्हा त्याला सर्वांत कठीण जाते ते खेड्यात नव्हे, तर शहरातील मोठ्या सोसायट्यांच्या फाटकावर. सुशिक्षित कुटुंबे वेळ नाही म्हणतात किंवा खर्च लपवून सांगतात. ओळखपत्र तपासावे, मग त्याला आत बोलवावे, पाणी द्यावे आणि खरे सांगावे. जनगणनेचे प्रगणक आपल्या वस्तीत येतील तेव्हा शाखेच्या आणि मंडळाच्या तरुणांनी त्यांना साहाय्य करावे. व्यापाऱ्याने दोन वह्या ठेवू नयेत. आणि भ्रमणध्वनीवर आलेला सुखद आकडा पुढे पाठवण्यापूर्वी तो कोठून आला, हे एकदा तपासावे.

सीमेवरील सैनिक भूमीचे रक्षण करतो. दारी आलेल्या प्रगणकाला खरे उत्तर देणारा गृहस्थ राष्ट्राच्या दृष्टीचे रक्षण करतो. चीनने १९५८ मध्ये ही दृष्टी गमावली आणि तिची किंमत कोट्यवधी निरपराध शेतकऱ्यांनी मोजली. आपल्या देशाच्या राजमुद्रेवर सत्याच्या विजयाचे वचन कोरलेले आहे. ते हिशेबाच्या वहीच्या पहिल्या पानावरही असावे.

भारतमाता की जय.